न्यायाच्या दिवसाची मुदत

पावसाळ्यात वर्धा फुगली की राजुरा-बल्लारपूर मार्गावरचा पूल पाण्याखाली जातो आणि राजुऱ्याचा चंद्रपूरशी संपर्क तुटतो. दीडशे वर्षांपूर्वी तर ही नदी दोन राज्यांची हद्दच होती. राजुरा निजामाकडे, पल्याडचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांकडे. त्या चांद्यात १८७०च्या दशकात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चच्या मिशनचं काम करायला एक चित्पावन शास्त्री येऊन राहिले. मूळचे नीळकंठशास्त्री गोरे, बाप्तिस्म्यानंतर नेहेम्या गोरे. जगाच्या अंती देव सर्वांचा निवाडा करील, या शिकवणीशी त्यांच्याइतकी झुंज मराठी माणसांत क्वचितच कुणी घेतली असेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात या निवाड्याचं चित्र आहे. मेंढपाळ मेंढरं उजवीकडे आणि शेरडं डावीकडे करतो, तसा राजा माणसांना वेगळं करील. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुरमार मेंढपाळाला हे समजावून सांगावं लागत नाही. लांबून कळपात सगळी जनावरं सारखीच दिसतात. जवळ गेल्यावर शेपटी पाहायची, शेरडाची वर, मेंढराची खाली. निवडीची कसोटी मात्र साधी आहे: भुकेल्याला खाऊ घातलं का, परक्याला घरात घेतलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का.

गोऱ्यांचा आक्षेप कसोटीला नव्हता, शिक्षेला होता. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्यानं ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून ख्रिस्ती धर्माची बाजू मांडली होती. काशीत वाढलेल्या, जेमतेम एकोणीस-वीस वर्षांच्या नीळकंठशास्त्र्यांनी १८४४-४५ मध्ये ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला संस्कृतातच उत्तर दिलं. चार दिवसांच्या आयुष्यातल्या पापाला अनंतकाळचा नरक, हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्तात निदान पुढचा जन्म तरी असतो. माझ्या मते मराठी मनाला इथे टोचते ती शिक्षेपेक्षा मुदत. आपल्याकडचा हिशेब जन्मोजन्मी चालू राहतो. इथे एकाच जन्मात वही बंद होते.

पुढे १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि वीस वर्षांनी, १८६८ मध्ये, याच अनंत शिक्षेच्या सिद्धान्ताचं समर्थन करणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. स्वतःच्याच जुन्या प्रश्नाला उत्तर देणारा असा ग्रंथकार विरळा. शंका मात्र त्यांची पाठ कधीच सोडत नव्हत्या.

या मुदतीतली पळवाट म्हणा, दार म्हणा, ते पश्चात्तापाचं. धर्मशास्त्रातल्या प्रायश्चित्ताला माप असतं: अमुक पापाला चांद्रायण, तमुकाला दान. बायबलमधल्या शब्दांना असं माप नाही. हिब्रू ‘शूव’ म्हणजे माघारी फिरणं, ग्रीक ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणं. बायबलमधल्या योना संदेष्ट्यानं निनवे शहराला चाळीस दिवसांची मुदत दिली. राजापासून सगळे गोणपाट नेसून बसले, आणि ठरलेला नाश टळला. संदेष्ट्याचा शब्द खरा न ठरणं, हेच तिथे त्याचं यश. (योना त्यावर रुसून बसला, हा भाग मला फार आवडतो.) नव्या करारातलं शेवटचं पुस्तक ‘प्रकटीकरण’. त्यात सात मंडळ्यांना पत्रं आहेत आणि पाचांना पश्चात्ताप करायला सांगितलं आहे. पुढे संकटांवर संकटं कोसळतात, तरी उरलेली माणसं मन पालटत नाहीत, असं तेच पुस्तक सांगतं. नुसत्या भीतीनं माणूस फिरत नाही, हे त्याच्या लेखकाला पक्कं ठाऊक होतं.

गोऱ्यांच्या पत्रांनी आणि युक्तिवादांनी ज्यांना ख्रिस्ती धर्माकडे नेलं, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटिजला बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या, त्यांतूनच पुण्याजवळच्या केडगावचं त्यांचं ‘मुक्ती’ सदन मोठं झालं. गोरे १८९५ मध्येच वारले होते. १९०५ मध्ये मुक्तीत जे घडलं ते त्यांनी पाहिलं नाही. शेवटल्या दिवसांत सर्वांवर आत्मा ओतला जाईल, हे योएल संदेष्ट्याचं भाकीत आता खरं होतंय, असं तिथल्या पुष्कळांना वाटलं. मुली हमसून रडत होत्या, लपवलेल्या चुका सर्वांसमोर कबूल करत होत्या, वर्गांच्या जागी तासन्‌तास प्रार्थना चालत होत्या.

सुरुवात झाली ती जूनअखेरच्या एका पहाटे. एक मुलगी अंगावर अग्नी उतरल्यासारखी जागी झाली, असं तिथल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी लिहून ठेवलं आहे. शेजारच्या मुलीला आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की पोर पेटलेली नाही.