कोणती पै वाचवायची?

पुण्यात नोकरी करणारी माझी भाची परवा फोनवर कुरकुरत होती. "मावशी, मोबाइलचा चार्जरसुद्धा आम्ही न विसरता प्लगमधून काढतो, तरी लाइटबिल काही उतरत नाही." तिला म्हटलं, कागद-पेन घे. नुसता प्लगला लटकलेला चार्जर फार तर अर्धा वॅट वीज खातो. तो वर्षभर चोवीस तास तसाच राहिला तरी साडेचार युनिटंही होत नाहीत, म्हणजे सगळ्या वर्षाचे पन्नासएक रुपये. आता गिझरचं बघ. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्धं युनिट लागतं. घरात चार माणसं आणि प्रत्येकाची एकेक बादली धरली, तर रोजची दोन युनिटं झाली. तुमचा चार्जर वर्षात जेवढं खातो, तेवढं गिझर अडीच दिवसांत फस्त करतो!

सांगलीत माझी उभी नोकरी बँकेच्या कॅश काउंटरवर गेली. त्या खुर्चीवर एक गोष्ट शिकले. दिवसअखेर हिशेब जुळला नाही की आधी मोठ्या नोटांची बंडलं मोजायची, चिल्लर नंतर. घरातली काटकसर नेमकी उलटी चालते. चिल्लरीवर आपण जीव टाकतो आणि बंडलं मोजायची राहून जातात. पै पै वाचवायची हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. पण कोणती पै, हे कोणी सांगत नाही. माझं उत्तर सरळ आहे. जो खर्च रोज किंवा दर महिन्याला हटकून होतो, तिथली पै. वर्षातून एकदा होणाऱ्या खर्चात मन मारण्यापेक्षा रोजच्या खर्चातली गळती बुजवली, तर जिवाला त्रास कमी आणि शिल्लक जास्त.

बिलावरचे युनिट वाचा

वीजबिल हातात आलं की आपण रक्कम बघतो आणि कपाळाला हात लावतो. बघायचे असतात ते युनिट. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटं एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या आणि त्यापुढची आणखी चढ्या दराने लागतात. पहिल्या टप्प्यापेक्षा दुसऱ्याचा दर जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे ज्यांचा वापर १३० युनिटांचा आहे, त्यांनी तीस युनिटं वाचवली तर ती सगळी महागाची वाचतात. वापर शंभरच्या आत असेल, तर तेवढ्याच कष्टात निम्माच फायदा. म्हणून आधी आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते बघावं आणि मगच नव्या वस्तू घ्यायला निघावं.

घरात सर्वांत जास्त तास चालतो तो पंखा. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, तर नवा बीएलडीसी पंखा तिशीच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीसएक युनिटांचा फरक पडतो. दुसऱ्या टप्प्यातल्या घरात तो पंखा वर्षा-दीड वर्षात आपली किंमत फेडतो. पण सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही. झोपायच्या खोलीतला आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुना पंखा खुशाल राहू द्या.

फ्रिजच्या बाबतीत उलटं सांगेन. नवा घेताना त्यावरचं ताऱ्यांचं लेबल जरूर वाचा. वर्षाला किती युनिटं लागतील, तो आकडा त्याच्यावर छापलेला असतो. पण धडधाकट चालणारा फ्रिज केवळ तारे वाढवायला बदलू नका. दोन फ्रिजांच्या लेबलांत पन्नास युनिटांचा फरक असला, तरी वर्षाचे पाच-साडेपाचशे रुपयेच वाचतात. तेवढ्यासाठी वीस हजार घालणं हा तोट्याचा व्यवहार.

आणि तो गिझर? पंधरा लिटरचा, दोन हजार वॅटचा असेल तर पाणी तापायला पंधरा-सोळा मिनिटं पुरतात. आमच्याकडे आधी बटण दाबून मग चहाचं आधण ठेवतात. चहा पिऊन होईतो पाणी तयार. तासभर आधी लावून ठेवलेला गिझर गार होतो आणि पुन्हा तापतो, त्याचे पैसे आपणच भरतो. गच्ची स्वतःची असेल, तर सोलर बंबासारखी दुसरी गुंतवणूक नाही.

गॅसचा हिशेब कॅलेंडरवर

दुधाचे खाडे लिहायला प्रत्येक मराठी घरात भिंतीवरचं कॅलेंडर असतंच. त्याच कॅलेंडरवर मी सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते. एवढ्यानेच टाकी किती दिवस पुरली ते कळतं, आणि एखादी लवकर संपली की कारण शोधता येतं. टाकी घरी येते तेव्हा वजन करून मागायचा आपल्याला हक्क आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या अंगावरच लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. मागितल्यावर वजनकाटा काढून दाखवण्यात टाकी आणणाऱ्या पोराला कमीपणा नसतो, आणि मागण्यात आपल्यालाही नसावा.

ओट्यापाशी गॅस वाया जातो तो प्रामुख्याने मोठ्या आचेमुळे. उकळी फुटल्यावर पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. आच कितीही वाढवा, नुसती वाफ होते. म्हणून उकळी आली की आच कमी करून झाकण ठेवायचं. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तापमान १२० अंशांपर्यंत चढतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पण पहिली शिट्टी झाल्यावर तिथेही बारीक आचच पुरे. डाळ अर्धा तास आणि हरभरे, राजमा रात्रभर भिजवले की शिट्ट्या आपोआप कमी लागतात. कुकर लावलाच आहे तर खाली डाळ, वर भात आणि भाताच्या कडेला दोन बटाटे, असा भरून लावावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर येत असेल, तर तेवढा गॅस आपण हवेला देतोय. ती निळी सोडून पिवळी दिसू लागली, तर बर्नरची भोकं तुंबलीत असं समजा. तो काढून पिनेने साफ करायला दहा मिनिटं लागतात.

आणखी एक सासूबाईंकडून आलेली रीत. शेवटची भाकरी उतरली की त्या गॅस बंद करत आणि तापलेल्या तव्यावर मूठभर शेंगदाणे पसरत. बिडाचा जाड तवा चांगला वेळ तापलेला राहतो. जेवणं उरकेपर्यंत दाणे खमंग होतात, साल चुरगळली की सुटतं. दुसऱ्या दिवशीच्या कूटाची सोय फुकटात.

चटणीचा हंगाम

आमच्याकडे मार्च ते मे म्हणजे बेगमीचे महिने. नवा शाळू, नवा गहू, तूरडाळ आणि लाल मिरची या दिवसांत बाजारात भरभरून येतात, आणि आवक वाढली की भाव नरमतो. वर्षाचं कांदा-लसूण तिखट, ज्याला आम्ही नुसतं 'चटणी' म्हणतो, ते याच हंगामात होतं. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी. देठं खुडून मिरची कडक उन्हात वाळवायची. धणे, तीळ, खोबरं, गरम मसाला वेगवेगळा भाजायचा, उभा चिरलेला कांदा तेलात तांबूस तळायचा आणि सगळं घेऊन डंकावर जायचं. तिथे नाकाला पदर लावून ओळीने बसलेल्या बायकांत यंदाच्या मिरचीचा भाव, कुणाचा गहू चांगला, सगळ्या बातम्या मिळतात. घरी केलेली चटणी विकतच्या पाकिटापेक्षा स्वस्त पडतेच, शिवाय तिच्यात काय आहे हे आपल्याला माहीत असतं.

धान्य भरताना एक काळजी घ्यावी. उन्हातून काढलेला गहू गरम असतानाच डब्यात भरला तर आत घाम धरतो आणि किडीला आमंत्रण मिळतं. सावलीत पसरून पुरता गार होऊ द्यावा, कोरड्या डब्यात भरावा, अधूनमधून वाळलेला कडुलिंबाचा पाला घालावा. डाळीला एरंडेल तेल हाताला लागेल इतपतच चोळायचं. अर्थात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वर्षाची पोती ठेवायचा हट्ट नको. कीड लागून टाकलेला पाच किलो गहू सगळी बचत खाऊन टाकतो. जागा कमी असेल तर तीन महिन्यांचं भरा, किंवा जिन्यातल्या चार घरांनी मिळून एक पोतं घेऊन वाटून घ्या.

वाया घालवायचं नाही म्हणजे शिळं कसंबसं ढकलायचं, असंही नाही. म्हशीच्या दुधाची साय साठवून, विरजण लावून घुसळली की लोणी निघतं, ताक कढीला होतं आणि तूप कढवल्यावर तळाशी राहिलेली बेरी कणकेत मळली की पोळ्या अशा खुसखुशीत होतात की मुलं वाट बघतात. जुन्या सुती साड्यांची आमच्या भागात वाकळ शिवतात. शिवून देणाऱ्या बाया अजून आहेत, त्यांनाही काम मिळतं.

बारीक अक्षरातला भाव

मोठं पाकीट स्वस्तच, हा समज दुकानात सोडून यावा. आता पाकिटावर एमआरपीसोबत एका ग्रॅमचा, मिलिलिटरचा किंवा किलोचा भावही छापावा लागतो. अक्षरं बारीक असतात, पण सगळा हिशेब तिथेच असतो. दोन्ही पाकिटांवरचा तो आकडा ताडून बघा. शाम्पूची पुडी कित्येकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते आणि 'जम्बो' डबा कधी कधी साध्या डब्याहून महाग निघतो. एमआरपी हा जास्तीत जास्त भाव आहे, त्याहून कमी मागायला काहीच हरकत नाही.

घरात रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या कायमच्या सुरू असतील, तर महिन्याचं खरं बंडल तिथे आहे. सरकारी जनऔषधी दुकानांची योजना २००८ साली सुरू झाली. तिथे तेच मूळ औषध ब्रँडच्या निम्म्याहूनही कमी किमतीत मिळू शकतं. डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि बदल त्यांना विचारूनच करा. भाजीवाल्या मावशींशी दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी घासाघीस करणारे आपण औषधाच्या दुकानात मात्र तोंडातून शब्द काढत नाही.

इथे हात आखडू नका

काही ठिकाणी पैसे वाचवणं महागात पडतं. गॅसची रबरी नळी आयएसआय मार्कचीच घ्यावी आणि पाच वर्षांनी, चिरा दिसल्या तर त्याआधीही, बदलावी. कुकरची सैल झालेली रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अस्सलच बसवावेत. काळं पडून धूर सोडू लागलेलं तळणाचं तेल पुन्हा कढईत ओतू नये. पोराबाळांचं दूध-फळं, घरच्यांचा आरोग्य विमा यांना कात्री लावू नये. आणि धुणंभांडी करणाऱ्या बाईंचा पगार कापून किंवा तिचे खाडे धरून केलेल्या बचतीला मी काटकसर म्हणणार नाही. ते आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणं झालं.

वाचलेले पैसे बाजूला काढा

बँकेत बसून मी आणखी एक पाहिलं. खात्यात तसेच राहिलेले पैसे वाचलेले नसतात, ते खर्चायचे राहिलेले असतात. महिनाअखेरीपर्यंत ते पाय फुटून जातात. म्हणून लाइटबिल तीनशेने उतरलं, तर ते तीनशे पगाराच्या दिवशीच आवर्त ठेवीत जाऊ द्या. पोस्टात महिना १०० रुपयांपासून पाच वर्षांचं आरडी खातं उघडता येतं. गल्लीतली भिशी मिक्सर किंवा कपाट घ्यायला चांगली, पण ती ओळखीच्या, शब्दाला पक्क्या माणसांतच लावावी. तिला कागदाचा आधार नसतो.

शंभर युक्त्या एकदम करायला जाऊ नका, आठवड्यात कंटाळाल. या महिन्याचं वीजबिल, औषधांच्या पावत्या आणि किराण्याची यादी एवढे तीनच कागद समोर घ्या. दर महिन्याला हटकून येणारा सर्वांत मोठा आकडा शोधा आणि तेवढाच आधी धरा. तो आटोक्यात आला की मग पुढचा. आणि तोवर चार्जर प्लगला राहिला तर राहू द्या.