विश्लेषण : तोंडी सगळे येते, मग उत्तरपत्रिका कोरी का?

भुकूममधल्या नववीतल्या मुलाला रामनदीविषयी विचारले, तर खाटपेवाडीच्या उगमापासून बावधन-पाषाणपर्यंतचा तिचा रस्ता तो हातवारे करत सांगू शकेल. त्याच विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या, की काही मुलांची लेखणी पहिल्याच ओळीत अडते. मग शाळेत शेरा पडतो ‘आळशी’ आणि घरी ऐकावे लागते ‘अभ्यासात लक्षच नाही’. यातल्या काही मुलांना अध्ययन अक्षमता, एडीएचडी (अवधान-अस्थिरता व अतिचंचलता) किंवा स्वमग्नता असते. दहावी जवळ आली की हा प्रश्न गंभीर होतो. या मुलांना लेखनाचा आत्मविश्वास कसा द्यायचा?

लिहिणे इतके अवघड का जाते?

लिहिताना मेंदूला एकाच वेळी अनेक कामे करावी लागतात. मुद्दा आठवणे, वाक्य जुळवणे, शुद्धलेखन सांभाळणे, हात चालवणे आणि घड्याळाकडे लक्ष ठेवणे. बहुतेकांची अक्षरे सरावाने आपोआप उमटू लागतात. लेखन-अक्षमता (डिस्ग्राफिया) असलेल्या मुलाचे सगळे बळ अक्षर काढण्यातच खर्च होते आणि तोवर मुद्दा निसटतो. एडीएचडी असलेल्या मुलाला मुद्दे सुचतात, पण क्रम लागत नाही. स्वमग्न मुलाला ‘तुमच्या कल्पनेने लिहा’ असा मोघम प्रश्न गोंधळात टाकू शकतो.

देवनागरीच्या अडचणी वेगळ्या आहेत. ‘कि’ म्हणताना आधी क उच्चारतो, पण वेलांटी आधी काढावी लागते. ‘घ-ध’, ‘म-भ’ दिसायला जवळचे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक एवढ्याशा खुणेचा, पण अर्थ पूर्ण बदलतो. त्यात इंग्रजी माध्यमातल्या मुलाला इंग्रजी, मराठी, हिंदी अशा तीन भाषा आणि दोन लिप्या सांभाळाव्या लागतात.

ही अडचण नव्याने निघाली आहे का?

नाही. १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. मुलगा हुशार, गणितात चांगला. पण स्वतःचे नावही चुकीचे लिहायचा. शिक्षण पूर्ण तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. त्यानंतर बरोबर १०० वर्षांनी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. देशात असे पाऊल लवकर उचलणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. २००७ मधल्या ‘तारे जमीन पर’मुळे ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांचा समावेश आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट असे बदल परीक्षा पद्धतीत करावेत, असे कायदा सांगतो. एडीएचडी मात्र या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्यासोबत अध्ययन अक्षमता असेल, तर त्या आधारे प्रमाणपत्र मिळू शकते.

प्रमाणपत्र केव्हा काढावे?

२०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर देण्याची आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी करण्याची पद्धत ठरली. अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करता येतो. तपासणी शासकीय रुग्णालयात होते आणि तिला वेळ लागतो. पुढे मंडळाकडे सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्यामुळे दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा आठवीतच सुरुवात केलेली बरी. मुळशीतल्या पालकांनी शाळेमार्फत पौडच्या पंचायत समितीच्या शिक्षण विभागात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांविषयी विचारणा करावी.

सरावाची पद्धत कोणती?

‘रोज एक पान शुद्धलेखन’ हा आपल्याकडचा जुना उपाय. पण स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांवरील संशोधनांचा आढावा घेतला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. आराखडा, लेखन आणि दुरुस्ती यांच्या पायऱ्या उघडपणे शिकवण्याचा परिणाम सर्वांत ठळक होता. नुसते व्याकरण सुटे शिकवून लेखन सुधारले नाही.

रामनदीचेच उदाहरण घ्या :

- आधी बोलणे : मुलाने दोन मिनिटे सांगावे, मोबाइलवर रेकॉर्ड करावे.
- मग चित्र : उगम, गावे, मुळेशी संगम असा साधा नकाशा काढावा. तोच आराखडा.
- मग शब्द : प्रत्येक ठिकाणाशेजारी दोन-तीन शब्द लिहावेत.
- मग वाक्ये : ‘नदी... येथे उगम पावते’ अशी सुरुवात तयार द्यावी. रिकामी जागा भरताना मूल वाक्याचा साचा शिकते.
- शेवटी दुरुस्ती : आज फक्त वेलांट्या, उद्या फक्त विरामचिन्हे.

वही लाल शाईने भरून टाकू नये. आशयाला वेगळे गुण आणि शुद्धलेखनाला वेगळे गुण दिले, तर आपल्याला विषय येतो, हे मुलाला दिसते. आत्मविश्वास तिथून येतो.

टायपिंगची मदत घ्यावी का?

घ्यावी. हात दुखत असेल तर मराठी कळफलक किंवा आवाजावरून टाइप करण्याची सोय उपयोगी पडते. लेखनिक मिळणार असेल, तर सांगून लिहून घेण्याचाही सराव हवा. विरामासह, क्रमाने बोलणे हे वेगळे कौशल्य आहे. ते परीक्षेच्या दिवशी अचानक जमत नाही.

इतर मुलांवर अन्याय होतो का?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो. परंतु चष्मा लावलेल्या मुलाला कोणी कॉपी केली म्हणत नाही. जादा वेळ किंवा लेखनिक मिळाला, तरी उत्तर मुलालाच यावे लागते. इतिहासाच्या पेपरात इतिहास तपासायचा असतो, हाताचा वेग नव्हे. ‘हा मुद्दाम करतो’ हे वाक्य वर्गातून आणि घरातून हद्दपार झाले, तर या मुलांचे निम्मे ओझे तिथेच उतरेल.