रिकाम्या हातांची शिकार

ज्या घरांत चातुर्मासांत कांदालसूणही वर्ज्य, त्या घरांतील एका निवृत्त शिक्षकानें शिकारीवर लेख लिहावा, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मनूनें राजाच्या कामज व्यसनांचीं जीं दहा नांवें सांगितलीं, त्यांत मृगयेचें नांव अगदीं पहिलें घातलें आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत विदूषक राजाच्या शिकारीपायीं अंग मोडून आल्याची रड सांगतो, तर सेनापति त्याच शिकारीचे गुण गातो. दोघांपैकीं कोणाचें म्हणणें खरें, हा वाद आम्ही वर्गांत कित्येक वर्षें मुलांपुढें मांडीत आलों. परंतु शिकार म्हणजे काय हें आम्हांस थोडेंबहुत कळलें तें एकदांच, पेठच्या डोंगरांत. आणि त्या दिवशीं हातीं कांहींच लागलें नव्हतें.

आमचें घराणें हिरण्यकेशी, म्हणजे कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचें. या शाखेच्या नांवाची पुराणांतील कथा प्रसिद्धच आहे. गुरु वैशंपायन रागावले, शिकलेली विद्या परत दे म्हणाले, तेव्हां याज्ञवल्क्यानें ती ओकून टाकली, आणि इतर शिष्यांनीं तित्तिर पक्ष्यांचीं रूपें घेऊन ती टिपली. पाणिनीनें तित्तिरि हें प्रवचनकाराचें नांव धरिलें आहे, आणि व्याकरणदृष्ट्या तेंच सयुक्तिक. पण लहानपणीं आमच्या मनांत ठसलीं तीं पांखरेंच. गंमत अशी, कीं ज्या पांखराचें नांव आमच्या कुळाचाराशीं जोडलेलें, तें वयाच्या पंचविशीपर्यंत आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें.

नाशिकहून सावळघाट ओलांडून गुजरातेकडे निघालें म्हणजे पेठ लागतें. १८७८ पर्यंत हें लहानसें संस्थान होतें; आज तो नाशिक जिल्ह्यांतील तालुका आहे. वस्ती बहुतेक कोकणा, महादेव कोळी व वारली लोकांची. पिकें नागली, वरई, भात, खुरासणी. पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या आसपास. परंतु तो उतारावरून दमणगंगेला मिळून समुद्राकडे निघून जातो, आणि उन्हाळ्यांत त्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्याकांठीं तिष्ठत बसतात. दिवाळी झाली कीं पुष्कळ कुटुंबें दिंडोरी-निफाडकडे द्राक्षमळ्यांत मजुरीला जातात. अशा एका पाड्यावरील शाळेंत आमच्या नोकरीचीं आरंभींचीं वर्षें गेलीं.

१९८६ सालच्या मार्गशीर्षांतली गोष्ट. चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. पाढे त्याला येत नसत, पण कोणत्याही पांखराचा आवाज तो हुबेहूब काढी. तो एकदम आठ दिवस शाळेंत आला नाहीं. नवव्या दिवशीं आला तेव्हां चौकशीअंतीं कळलें, कीं बापाबरोबर तित्तिर धरावयास रानांत हिंडत होता. आम्हीं त्याला छडीनें मारलें. कां गेला होतास, हें मात्र विचारलें नाहीं. आम्ही तरुण होतों, आणि शाळा बुडविणाऱ्याला कारण असूं शकतें हें आमच्या गांवींही नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप शाळेच्या पायरीशीं येऊन उभा राहिला. भांडण करील अशी आमची समजूत. तो हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पोराला मारलंत ते बरं केलंत. शाळा बुडवली त्यानं. पण येत्या रविवारी आमच्यासंगं पायी चला."

आम्ही गेलों. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालीं झाला होता. आमच्या या यजमानांजवळ कसलाही परवाना नव्हता. परवाना म्हणून कांहीं असतो हेंही त्यांना माहीत नव्हतें. तेव्हां जें चाललें होतें तो गुन्हा होता, व आम्ही त्याचे साक्षी होतों. तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

त्यांच्यापाशीं बंदूक नव्हती, कुत्रें नव्हतें. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फांसे एका दोरीला ओवलेले, तेवढेंच साहित्य. तित्तिराची एक खोड अशी, कीं भय वाटलें तरी तो सहसा लगेच उडत नाहीं. आधीं गवतांतून पायींच पळतो. म्हणून झुडपांमधल्या वाटेवर फांसे मांडावयाचे, आणि दुरून वळसा घेऊन, न ओरडतां, न धांवतां, पांखराला त्या बाजूला सरकवीत न्यावयाचें. फार घाई केली तर तें उडतें. फार सावकाश गेलें तर दडून बसतें. चालणाऱ्याच्या पावलांवर सगळें अवलंबून. सूर्योदयापासून दुपारपर्यंत आम्ही त्यांच्या मागून तीन टेकड्या चढलों-उतरलों. मुलगा सर्वांत पुढें होता. त्याच्या पोटऱ्यांवर आमच्या छडीचे वळ दिसत होते.

ते गृहस्थ वाटेनें जमीन वाचीत होते, दुसरा शब्द आमच्याजवळ नाहीं. मातींत पांखरांनीं अंग घोळल्याचा खळगा, विष्ठा, गळालेलें पीस, ओल्या मातींतले तीन बोटांचे ठसे. एका ठिकाणीं लाव्यांचा थवा आमच्या पायांतून असा फुटला कीं आम्ही दचकून खालीं बसलों. लावे रात्रीं एकमेकांना खेटून, शेपट्या आंत व तोंडें बाहेर करून, वर्तुळांत झोंपतात, हें त्या मुलानें आम्हांस तेथें सांगितलें. पुढें तें आम्हीं पुस्तकांत वाचलें.

दुपारीं एका नाल्याच्या कांठीं तित्तिर दिसले. दोनच, नर व मादी. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, मान तांबूस. आमच्या शाखेच्या पांखराचें तें प्रथमदर्शन. फांसे मांडलेले होते, वाट सरळ होती, आणि जोडी त्याच बाजूला चालली होती. इतक्यांत ते गृहस्थ पुढें झाले व त्यांनीं दोरी गुंडाळून घेतली.

आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "पिल्लं न्हाईत, गुरुजी. या दिसांत आईबापाच्या मागं चारपाच तरी असत्यात. तीन डोंगर फिरलो, कुठंच न्हाईत. औंदा घरटी बुडाली, न्हाईतर वणव्यात गेली. हे जुनं जोडपं धरलं तर पुढच्या साली काय ऐकायचं?"

घरीं परतलों तेव्हां रात्रीच्या जेवणाला नागलीची भाकर व मीठमिरची होती. मुलाचे ते आठ दिवस कशांत गेले होते तें आम्हांस तेव्हां कळलें. आठ दिवस बापलेक हिंडत होते, कारण घरांत भाकरीबरोबर खावयाला दुसरें कांहीं नव्हतें. आणि आठही दिवस रिकाम्या हातांनीं परतले होते.

पुढें निवृत्तीनंतर वाचनांत एक मौज आढळली. स्कॉटलंडच्या माळांवर ग्राउझ नांवाचा पक्षी आहे. तो तित्तिर, लावा, मोर यांच्याच मोठ्या कुळांतला. पण भारतांत त्याची एकही जात नाहीं. त्याच्या शिकारीचा हंगाम दरसाल १२ ऑगस्टला सुरू होतो व १० डिसेंबरला संपतो. श्रीमंतांची रीत हांक्याची: माणसें पांखरें उठवितात व बंदूकवाले आडोशांत उभे राहून तीं पाडतात. दुसरी जुनी रीत पायीं हिंडण्याची. तेथेंही कांहीं हंगाम साफ बुडतात. कारण पक्ष्यांच्या आंतड्यांत एक बारीक जंत होतो व त्यानें माळच्या माळ ओस पडतात. याचा शोध करण्यासाठीं १९०५ सालीं एक समिति नेमली गेली आणि १९११ सालीं तिचा ग्रंथ निघाला. त्या कामीं शेंकडों पक्षी तपासणारे डॉ. एडवर्ड विल्सन हे पुढें कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेले व १९१२ सालीं परततांना बर्फांत निवर्तले. आज तेथील जाणते लोक जुलैंत कुत्रीं घेऊन माळ पालथे घालतात, जुन्या पांखरांमागें नवीं किती हें मोजतात, आणि संख्या भरली नाहीं तर त्या वर्षीं बंदुका बाहेर काढीत नाहींत. हें वाचतांना आम्हांस पेठचा तो नाला आठवला. मोजणी तीच होती. फरक एवढाच, कीं स्कॉटलंडांत बंदूक न काढल्यानें कोणाचें जेवण अडत नाहीं.

यावरून रानांत राहणारा प्रत्येक जण ऋषि असतो असा निष्कर्ष कोणी काढूं नये. त्याच टेकड्यांवर वीणीच्या दिवसांत अंडीं उचलणारे होते, आणि गवताला काडी लावून देणारेही होते. पांखरें उदंड असतात तेव्हां एकट्याचा विवेक पुरतो. तीं थोडीं उरलीं म्हणजे कायदाच हवा. १९९१ च्या दुरुस्तीनें असल्या छोट्या शिकारीचीही वाट बंद झाली, तें योग्यच झालें असें आमचें मत आहे. पण कायदा आपण शहरांत बसून केला, आणि त्यासाठीं ताटांतला घांस सोडावा लागला तो त्या बापलेकांना, एवढें आपण विसरूं नये.

गेल्या श्रावणांत आम्ही पुन्हां त्या पाड्यावर गेलों. बाप कधींच वारला. मुलगा आतां पन्नाशीच्या आसपास आहे. त्याची मुलगी नाशिकला परिचारिकेचें शिक्षण घेते. फांसे त्यानें केव्हांच जाळून टाकले. रंगीत तित्तिराचा नर पावसाळ्यांत खडकावर वा झाडावर चढून हांका घालतो, म्हणून तीं ऐकण्यासाठीं आम्ही पहांटे निघालों. आमचे गुडघे जुने. तो आमच्यासाठीं थांबत थांबत चालला. पहिल्या दिवशीं एकही हांक आली नाहीं. तो म्हणाला, "औंदा बी तसंच हाय, गुरुजी."

वाटेंत आम्हीं त्या छडीची गोष्ट काढली. चाळीस वर्षें ती मनांत होती. आमचें चुकलें, असें आम्ही म्हणालों. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही मारलं ते ध्यानात न्हाई. रविवारी आलात ते ध्यानात हाय."

तें औदार्य होतें, सत्य नव्हे; पण आम्हीं तें मुकाट्यानें घेतलें.

दुसऱ्या पहांटे, धुकें उठत असतांना, पलीकडच्या उतारावरून एक कर्कश, तुटक हांक आली, आणि थोड्या वेळानें पुन्हां आली. त्याला कोणी उत्तर दिलें नाहीं. माजी विद्यार्थ्यानें तोंडापुढें हात धरले, पूर्वीं करी तसा आवाज काढण्यासाठीं. पण मग हात खालीं घेतले. म्हणाला, "नको. उगीच फसवायचं कशाला?"

ज्यांच्या घरीं तैत्तिरीय शाखेचें नांव चालतें, त्यांनीं आपल्या नातवंडांना एकदां तरी तें पांखरूं ऐकवून आणावें, एवढीच विनंती. श्रावणांत जावें, पायीं जावें, कुत्रें नेऊं नये, आणि माहितगार स्थानिक माणसाच्या मागून चालावें. हातीं कांहीं लागणार नाहीं. आमच्याही लागलें नव्हतें.