स्वस्तातली रेंज रोव्हर कोणाला परवडते?

जुनी रेंज रोव्हर नवीच्या तुलनेत कवडीमोलाने मिळते, म्हणून अनेकांना मोह पडतो. पण घसरते ती गाडीची किंमत. सुट्या भागांची नव्हे. हे दलाल सांगत नाही.

२००२ साली रस्त्यावर आलेली तिसऱ्या पिढीची रेंज रोव्हर घ्या. पोलादी स्प्रिंगांऐवजी तिचा भार हवेच्या रबरी पिशव्या पेलतात. वयोमानाने रबराला चिरा पडतात, हवा गळते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. दुखणे पिशवीचे, बळी कॉम्प्रेसरचा! नुसता कॉम्प्रेसर बदलणारा पुन्हा खड्ड्यात जातो. त्याच काळातील पोर्शे कायेनच्या आठ सिलिंडरी इंजिनात कूलंटच्या नळ्या प्लास्टिकच्या होत्या. उष्णतेने त्या तडकतात; म्हणून जाणकार त्या जागी अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवून घेतात.

मग करायचे काय? गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी एखादा कोपरा खाली बसलेला दिसला, तर समजून जा. सर्व्हिसच्या नोंदी मागा. विक्रेत्याची आश्वासने लेखी घ्या. मालविक्री कायदा, १९३० चे कलम १६ लक्षात ठेवा: माल तपासून घेतला, तर त्या तपासणीत दिसायलाच हवा होता अशा दोषाबाबत गर्भित अटीचे संरक्षण मिळत नाही. म्हणून वरवरची पाहणी घातक. सोबत जाणकार मेकॅनिक हवाच.

गाडी पाहून सलाम ठोकणारे दुरुस्तीचे बिल भरायला येत नाहीत. ते कुटुंबाच्या बचतीतूनच जाते.