नवी आवृत्ति केव्हां निघते ?

गेल्या सत्रांत इयत्ता नववीच्या वर्गांत एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. शाळेच्या संगणकाच्या खोलींतील यंत्रांवर डेबियन नांवाची ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तींतील एका प्रोग्रॅमचा क्रमांक त्यानें पाहिला, व घरच्या संगणकावर त्याच प्रोग्रॅमचा क्रमांक बराच पुढचा आहे असें त्याच्या ध्यानांत आलें. "सर, नवी आवृत्ति निघाली असतां आपण जुनीच कां वापरतों ?" असें त्यानें विचारलें. त्याच सुमारास एका पालकांनीं निराळ्या शब्दांत जवळजवळ हीच शंका काढली. जी वस्तु फुकट मिळते ती टाकाऊच असावयाची, असा त्यांचा अभिप्राय होता. दोघांसही आम्हीं त्या वेळीं थोडक्यांत उत्तर दिलें. परंतु तें आमचें आम्हांसच अपुरें वाटलें, म्हणून या वार्षिकांत तोच विषय जरा विस्तारानें मांडण्याचें योजिलें आहे.

संगणकाचें यंत्र कितीही उत्तम असलें तरी त्यास कामाला लावणारा एक कारभारी लागतो. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर आणणें, फाइली जपून ठेवणें, एकाच वेळीं चाललेल्या दहा कामांस यंत्राचा वेळ वांटून देणें, हीं कामें तो करतो. त्यासच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें केन टॉमसन व डेनिस रिची यांनीं युनिक्स नांवाची अशी एक प्रणाली रचण्यास आरंभ केला. ती इतकी सुटसुटीत होती कीं पुढें अनेकांनीं तिच्या नमुन्यावर आपापल्या प्रणाली बांधल्या. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं युनिक्ससारखीच, परंतु कोणाच्याही मालकीच्या बंधनांत नसलेली प्रणाली तयार करण्याचा संकल्प जाहीर केला, व तिला ग्नू हें नांव दिलें. त्या कामांत प्रणालीचा अगदीं आंतला गाभा तेवढा मागें राहिला होता. ती उणीव १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉर्वल्ड्‌स या विद्यार्थ्याच्या लिनक्सनें भरून काढली. आतां सर्व सुटे भाग उपलब्ध झाले. पण सुटे भाग म्हणजे घड्याळ नव्हे. ते नीट जुळवून, तपासून लोकांच्या हातीं देणारें कोणीतरी हवें होतें. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं इअन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठाच्या विद्यार्थ्यानें तें काम अंगावर घेतल्याचें जाहीर केलें. डेब्रा हें त्याच्या मैत्रिणीचें नांव व इअन हें स्वतःचें, अशीं दोन्ही जोडून त्यानें डेबियन हें नांव बनविलें.

येथें आमच्या पालकमित्रांच्या शंकेचें निरसन करणें प्राप्त आहे. डेबियन फुकट मिळतें हें खरें. परंतु तो तिचा मुख्य गुण नव्हे. मुख्य गुण हा कीं तिचें मूळ लिखाण, ज्यास सोर्स कोड म्हणतात, तें कोणासही वाचतां येतें, बदलतां येतें, दुसऱ्यास देतां येतें, फार काय, विकतांही येतें. १९९७ सालीं या मंडळीनें एक सामाजिक करारनामा प्रसिद्ध केला. त्यांत आपली प्रणाली सदैव मुक्त राहील व आपले दोष आपण लपविणार नाहीं, अशीं वचनें दिलेलीं आहेत. हें दुसरें वचन ध्यानांत ठेवावें; पुढें त्याचा संबंध येणार आहे.

हा सर्व व्याप स्वयंसेवक चालवितात. त्यांतील अधिकृत सभासदांची संख्या सुमारें एक हजार असून ते अनेक देशांत विखुरलेले आहेत. त्यांची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्यें केरळांतील कोची येथें भरली होती. हिंदुस्थानांत ती प्रथमच भरली. प्रत्येक प्रोग्रॅमचें एक पॅकेज, म्हणजे गांठोडें, बांधलेलें असतें, व त्याची निगा कोणी ठेवावयाची हें ठरलेलें असतें. अशा निगा ठेवणाऱ्यांपैकीं जोएल क्लेकर या तरुणाचें नांव आम्हांस येथें मुद्दाम सांगावयाचें आहे. त्यास स्नायू क्षीण करीत नेणारा एक असाध्य रोग जडलेला होता, व तो अंथरुणास खिळलेला असे. पण हें त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांस ठाऊकही नव्हतें. त्यांस दिसे तें त्याचें काम. जुलै २००० मध्यें वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो वारला. पुढच्याच महिन्यांत निघालेली २.२ ही आवृत्ति त्याच्या स्मरणार्थ अर्पण करण्यांत आली.

आवृत्त्यांच्या नांवांची गोष्ट मुलांस आवडेल. 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील खेळण्यांचीं नांवें या आवृत्त्यांस देतात. कारण आरंभीच्या काळीं डेबियनचे पुढारी असलेले ब्रूस पेरेन्स हे तो चित्रपट काढणाऱ्या पिक्सार कंपनींत नोकरीस होते. बझ, रेक्स, वूडी, सार्ज अशीं नांवें होत होत ९ ऑगस्ट २०२५ रोजीं निघालेल्या तेराव्या आवृत्तीला ट्रिक्सी हें नांव मिळालें. पहिली आवृत्ति १.१ क्रमांकाची आहे, १.० क्रमांकाची नाहीं, याचेंही एक कारण आहे. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विकणाऱ्या कंपनीनें अर्धवट तयार झालेला मजकूर '१.०' असा शिक्का मारून चुकीनें विकावयास काढला. तेव्हां गोंधळ नको म्हणून खऱ्या आवृत्तीस १.१ म्हणावें लागलें. अपक्व फळ बाजारांत गेल्याचा हा पहिलाच अनुभव, आणि तो फुकट गेला नाहीं असें आम्हांस वाटतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तुमच्या हातांतील हें वार्षिकच पाहा. वर्षभर लेख येत असतात. एका ठराविक दिवसानंतर नवे लेख घेणें बंद होतें. मग संपादक केवळ मुद्रितें तपासतात, चुका काढतात, आणि शेवटीं छापण्याचा हुकूम देतात. डेबियनमध्यें याच तऱ्हेच्या तीन पायऱ्या आहेत. नवें पॅकेज प्रथम 'अस्थिर' विभागांत येतें. त्या विभागाचें नांव सिड; चित्रपटांत खेळणीं मोडणारा जो शेजारचा द्वाड मुलगा, त्याचें हें नांव. तेथें कांहीं दिवस काढूनही गंभीर दोष आढळला नाहीं, तर तें पॅकेज 'चाचणी' विभागांत जातें. सुमारें दोन वर्षांनीं चाचणी विभाग गोठवितात. ट्रिक्सीच्या वेळीं ही गोठवणूक १५ मार्च २०२५ रोजीं सुरू झाली व एप्रिल, मे, जुलै अशी टप्प्याटप्प्यानें कडक होत गेली. त्या काळांत नवी भर नाहीं, फक्त दुरुस्ती. आवृत्ति अडवून धरण्याइतके गंभीर असे जे दोष असतात त्यांची जाहीर यादी असते, व ती आटोक्यांत येईपर्यंत छापण्याचा हुकूम सुटत नाहीं. यामुळें कधीं कधीं फार खोळंबा होतो. जुलै २००२ मधील वूडीनंतर सार्ज निघावयास जून २००५ उजाडला, आणि लोक अगदीं कंटाळून गेले. तेव्हांपासून मात्र दर विषम सालीं एक आवृत्ति न चुकतां निघत आली आहे.

म्हणजे 'स्थिर' आवृत्तींतील प्रोग्रॅम थोडे जुने असावयाचेच. हा तोटा नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या बदल्यांत काय मिळतें, हें मार्च २०२४ मध्यें जगास दिसलें.

एक्सझेड नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. फाइली दाबून लहान करणें एवढेंच त्याचें काम, व त्याची निगा मुख्यतः एकच स्वयंसेवक ठेवीत असे. जिआ टॅन असें नांव धारण करणारा कोणी एक मनुष्य दोनएक वर्षें त्यास मदत करीत राहिला. त्याचें काम चांगलें असे. हळूहळू त्याजवर विश्वास बसला, व किल्ल्याही त्याच्या हातीं आल्या. मग त्यानें ५.६.० या आवृत्तींत, चाचणीसाठीं ठेवलेल्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींच्या पोटांत, एक चोरदरवाजा दडवून ठेवला. दूरच्या संगणकांत सुरक्षितपणें प्रवेश करण्याचा जो एसएसएच नांवाचा मार्ग जगभर वापरतात, त्याचें कुलूप या चोरदरवाजानें त्या मनुष्यास उघडतां आलें असतें. तो प्रोग्रॅम डेबियनच्या सिडमध्यें व चाचणी विभागांत येऊन पोहोंचला होता.

त्या वेळीं आंद्रेस फ्रॉइंड नांवाचे एक अभियंते सिड वापरून आपल्याच निराळ्या कामाचा वेग मोजीत होते. एसएसएचनें आंत शिरावयास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें त्यांस दिसलें. अर्धा सेकंद ! आम्ही असतों तर चहाचा घोट घेऊन विसरून गेलों असतों. त्यांनीं मात्र त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत काढीत चोरदरवाजापर्यंत मजल मारली, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व जगास सावध केलें. स्थिर आवृत्ति, म्हणजे त्या वेळची बुकवर्म, जिच्यावर शाळा, कचेऱ्या व मोठमोठे सर्व्हर चालत होते, तींत हा दोष शिरलाच नव्हता. दुरुस्तीची तऱ्हाही मौजेची आहे. डेबियनमध्यें पॅकेजचा क्रमांक चढतच जावा लागतो. मग मागें कसें यावें? म्हणून नव्या पॅकेजवर '५.६.१, खरोखर ५.४.५' अशा अर्थाची चिठ्ठी लावून त्यांत जुना प्रोग्रॅम घालण्यांत आला.

मात्र नुसतें थांबल्यानें सर्व संकटें टळतात असें कोणी समजूं नये. २००६ सालीं डेबियनच्याच एका कार्यकर्त्यानें ओपनएसएसएल या प्रोग्रॅमांतील दोष दाखविणाऱ्या हत्याराची तक्रार बंद व्हावी म्हणून कांहीं लिखाण काढून टाकलें. हेतु चांगला होता. परंतु गुप्त किल्ल्या घडवितांना जी अनिश्चितता लागते ती त्यामुळें जवळजवळ नाहींशी झाली, व एका जातीच्या आणि एका आकाराच्या अवघ्या ३२,७६८ किल्ल्या शिल्लक राहिल्या. इतक्या किल्ल्या चोरास एकेक करून लावून पाहतां येतात. हा दोष २००७ च्या स्थिर आवृत्तींतही गेला, आणि मे २००८ पर्यंत कोणाच्या लक्षांत आला नाहीं. लक्षांत आल्यावर मात्र मंडळीनें तो स्वतःच जाहीर केला, व असंख्य लोकांस आपल्या किल्ल्या पुन्हां घडवाव्या लागल्या. वर सांगितलेलें वचन पाळणें किती लाजिरवाणें होऊं शकतें याचें हें उदाहरण आहे.

आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नांत आणखी एक गैरसमज होता, तो येथें दूर करतों. क्रमांक जुना राहिला म्हणजे भोकें तशींच राहिलीं असें नव्हे. एखादें छिद्र सांपडलें कीं त्याची दुरुस्ती तेवढी मागच्या प्रोग्रॅमांत आणून बसवितात, आणि क्रमांकाच्या शेवटीं एक लहानशी खूण वाढवितात. घराचें छप्पर गळूं लागलें तर कौलें बदलावयाचीं, घर नव्हे. अशी दुरुस्ती स्थिर आवृत्तीस एकंदर पांच वर्षें मिळते.

मग नव्या आवृत्तींत असें काय असतें ? ट्रिक्सींत एकूण ६९,८३० पॅकेजें आहेत, व त्यांपैकीं १४,१०० हून अधिक नवीं आहेत. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटला तो बदल डोळ्यांस दिसतच नाहीं. युनिक्सच्या घराण्यांतील प्रणाली १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजून वेळ ठरवितात. जुन्या यंत्रांत ही मोजणी बत्तीस बिटांच्या जागेंत ठेवीत असत, व तींत २,१४७,४८३,६४७ याहून मोठा आंकडा मावत नाहीं. तो आंकडा १९ जानेवारी २०३८ रोजीं, आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ८ वाजून ४४ मिनिटें ७ सेकंद या क्षणीं, पुरा भरेल. पुढच्या सेकंदास असें यंत्र १९०१ साल दाखवूं लागेल. गणिताची आवड असलेल्या मुलांनीं दोनाचा एकतिसावा घात काढून, एका दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनीं भागून हा हिशेब पडताळून पाहावा. ट्रिक्सींत ही जागा चौसष्ट बिटांची करण्यांत आली. त्यासाठीं हजारों पॅकेजें पुन्हां बांधावीं लागलीं. फक्त जुन्या बत्तीस बिटांच्या इंटेल पद्धतीच्या पॅकेजांत हा बदल केला नाहीं, कारण तीं मुख्यतः जुने प्रोग्रॅम चालविण्यापुरतींच ठेवलीं आहेत.

यावरून पालकांस एक सूचना. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नेहमींची दुरुस्ती बंद झाली, म्हणून घरचा संगणक भंगारांत घालण्यापूर्वीं त्यावर डेबियन चालवून पाहावें. मात्र तो संगणक बत्तीस बिटांचा, फारच जुना असेल, तर त्यावर ट्रिक्सी नव्यानें बसविण्याची सोय नाहीं, हें आधीं पाहून घ्यावें. आणि आपल्या फाइलींची एक प्रत दुसरीकडे ठेवल्यावांचून कामास हात घालूं नये. बसवितांना प्रथम भाषा विचारतात. त्या यादींत मराठीही आहे, व पुढील सूचना मराठींत वाचतां येतात. ट्रिक्सीनंतरच्या आवृत्तीचें नांव फोर्की असें ठरलें आहे. चित्रपटांत एका लहान मुलीनें टाकाऊ वस्तूंतून बनविलेलें खेळणें तें हेंच.