शब्द स्पष्ट ऐकू यावेत, घरही सुरक्षित राहावे

‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,’ अशी तक्रार आपल्या घरातील ज्येष्ठांकडून आपण अनेकदा ऐकली असेल. ही तक्रार हट्टाची नव्हे. तिला शास्त्रीय कारण आहे. वाढत्या वयात प्रथम क्षीण होते ती उंच पट्टीतील ध्वनी ऐकण्याची शक्ती. ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी व्यंजने याच पट्टीत मोडतात, शिवाय ती मुळातच हलकी असतात. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असलेल्या खोलीत स्वरांचा घुमारा रेंगाळतो आणि पुढच्या व्यंजनाला झाकून टाकतो. श्रवणयंत्र लावले, तरी ते शब्दाबरोबर हा घुमाराही वाढवते. अशा वेळी मोठ्याने बोलण्यापेक्षा खोलीतील घुमारा कमी करणे अधिक हिताचे ठरते.

हा उपाय जुना आहे. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून तेथे मांडल्या आणि त्या किती ध्वनी शोषतात, हे मोजले. आज घरी लाकडी चौकट, मऊ भरण आणि वरून कापड अशी ध्वनिशोषक पॅनेल करता येतात, ती याच तत्त्वावर. मात्र घरात आपण भिंतीवर जे कापड लावणार, ते उद्या आगीचे इंधन होऊ नये, याची काळजी आधी घ्यावयास हवी. ज्यांना झटकन उठून बाहेर पडता येत नाही, त्यांच्या खोलीत तर ती अधिकच.

भरण कोणते असावे?

साधा फोम भिंतीवर कदापि लावू नये. २००३ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातील एका नाइटक्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी भिंतीवरील फोम पेटला आणि १०० जणांचा बळी गेला. त्याऐवजी दगडापासून बनवलेल्या तंतूंचा रॉकवूल स्लॅब, सुमारे ५० मिलिमीटर जाडीचा, निवडावा. तो पेटत नाही. त्याचे तंतू टोचतात आणि श्वासात जाऊ शकतात. म्हणून हाताळताना हातमोजे व मास्क वापरावा, आणि स्लॅब मागच्या बाजूनेही कापडाने पूर्ण झाकावा.

कापडाची पारख

कापड ओठांशी धरून फुंकर मारून पाहावी. हवा सहज पलीकडे गेली, तर ध्वनीही आत शिरेल. रेक्झीन किंवा घट्ट विणीचे चकचकीत कापड ध्वनी परत फेकते, ते टाळावे.

आता आगीचा विचार. कापड पेटते राहण्यासाठी हवेत प्राणवायूचे किमान किती प्रमाण लागते, हे मोजता येते. सुती कापडाला सुमारे १८ टक्के पुरतात; लोकरीला सुमारे २५ टक्के लागतात. आपल्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. म्हणून सूत भराभर जळते, तर लोकर सहसा ज्योत दूर केली की आपोआप विझते. आपल्याकडची धनगरी घोंगडी या कामी उत्तम. विरळ विणीची असेल, तर फारच चांगले. पॉलिस्टर वितळून त्याचे तप्त थेंब गळतात आणि त्वचेला चिकटतात, ते नकोच. रुग्णाच्या खोलीत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर चालत असेल, तर हे गणित बदलते. त्याच्या नळीजवळ प्राणवायूचे प्रमाण वाढलेले असते आणि तेथे लोकरही पेटू शकते. अशा खोलीत पॅनेल पलंगापासून दूर लावावीत आणि उघडी ज्योत मुळीच नसावी.

सुती कापडावर प्रक्रिया

खादी किंवा तागाचे कापड वापरायचे असल्यास त्यावर अग्निरोधक प्रक्रिया करावी. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी नाट्यगृहातील कापडांसाठी १८२१ सालीच अशा क्षारांचा अभ्यास केला होता. घरगुती प्रमाण असे : १ लिटर कोमट पाणी, १०५ ग्रॅम टाकणखार म्हणजे बोरॅक्स, आणि ४५ ग्रॅम बोरिक अ‍ॅसिड. कापड आधी धुऊन त्यातील खळ काढावी. मग ते या द्रावणात पूर्ण भिजवून, हलके पिळून, आडवे पसरून वाळवावे. दोरीवर टांगल्यास द्रावण खालच्या काठाशी उतरते. उष्णता लागताच टाकणखार वितळून धाग्यांवर काचेसारखा थर धरतो, आणि बोरिक अ‍ॅसिड धुमसणे रोखते.

ही दोन्ही द्रव्ये पोटात गेल्यास विषारी आहेत. स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, हातमोजे घालावेत, मुले व गर्भवती यांना दूर ठेवावे. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण हाताला लागेल ती वस्तू तोंडात घालतात; त्यांच्या हाती पडेल अशा उंचीवर असे कापड नसावे.

परीक्षा आणि जागा

वाळलेल्या कापडाची एक पट्टी चिमट्यात धरून, उघड्यावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून, दहा-बारा सेकंद ज्योतीवर धरावी. हे काम धडधाकट व्यक्तीनेच करावे. ज्योत काढताच पट्टी दोन-तीन सेकंदांत विझली आणि केवळ काळवंडली, तर कापड योग्य. जळत राहिली, तर प्रक्रिया पुन्हा करावी. हे क्षार पाण्यात विरघळतात. पॅनेल धुतले किंवा पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर संरक्षण उतरते. म्हणून दर वर्षी उरलेल्या तुकड्याची नव्हे, तर पॅनेलच्या मागील काठाच्या छोट्या कातरणाची परीक्षा घ्यावी.

सुरुवातीला ६० × १२० सेंटिमीटरची चार पॅनेल पुरेत. ज्येष्ठ जेथे बसतात, तेथून समोरच्या आणि पाठीमागच्या भिंतीवर, बसल्यावर डोके येते त्या उंचीवर ती लावावीत. मागे थोडी पोकळी सोडल्यास ध्वनी अधिक शोषला जातो. देवघरातील निरांजन, उदबत्ती, शेगडी, हीटर आणि विजेची बटणे यांपासून किमान १ मीटर अंतर राखावे.

प्रक्रिया केलेले कापड ‘न जळणारे’ होत नाही. ते केवळ आगीला उशीर लावते. पॅनेल बसवल्यावर टाळी वाजवून घुमारा कमी झाला का, ते पाहावे. आणि त्याच दिवशी त्या खोलीतून बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा आहे ना, हेही तपासावे.