कलम चाकू

कलम चाकू हा फळझाडांची कलमे करण्यासाठी वापरला जाणारा, पाते मुठीत दुमडून खिशात ठेवता येणारा चाकू होय. पालघर जिल्ह्यातील डहाणू-घोलवड परिसर चिकूसाठी प्रसिद्ध असून तेथील चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूचे कलम प्रायः खिरणीच्या (रायणीच्या) खुंटावर केले जाते.

पात्यांचे प्रकार

सरळ पाते: याची धार टोकापर्यंत सरळ असते. पात्याला बहुधा एकाच बाजूने उतार देतात. त्यामुळे काप सपाट येतो. डावखुऱ्या व्यक्तीसाठी हा उतार विरुद्ध बाजूस असावा लागतो.

गोलसर टोकाचे पाते: हे डोळा भरण्यासाठी वापरतात. छेद दिलेली साल अलगद उचलण्यासाठी या चाकूला बोथट पट्टी जोडलेली असते.

बाकदार पाते: कोयत्याप्रमाणे आत वळलेल्या या पात्यातून फांदी निसटत नाही. ते ओढून कापण्यासाठी, म्हणजेच छाटणीसाठी उपयुक्त ठरते.

महत्त्व

खुंट आणि कलमकाडी यांच्या सालींखालील वाढणारे थर एकमेकांना भिडले, तरच जोड सांधतो. काप ओबडधोबड असल्यास मध्ये पोकळी राहते, काडी सुकते आणि कलम वाया जाते. चिकूचा चीक पात्याला चिकटत असल्याने ते वारंवार पुसावे लागते. रोगप्रसार टाळण्यासाठी पाते निर्जंतुक करतात. अनेक साध्या घडीच्या चाकूंना खटका नसतो. अशा पात्याच्या पाठीवर दाब दिल्यास ते मिटून बोटे कापण्याचा धोका असतो.